छपरावरील वीज आणि संमतीची मुदत

दुपारी ऊन प्रखर असते, तेव्हा घरात वीज थोडीच लागते. छपरावरील सौर पॅनेलची उरलेली वीज वितरण वाहिनीत जाते व रात्री तेथूनच परत घेतली जाते. ही देवघेव मोजणारे साधन म्हणजे नेट मीटर होय. वितरण कंपनीच्या संमतीवाचून ते बसविता येत नाही.

या संमतीस विलंब झाल्यास हानी कोणाची? मोठी कंपनी ती सोसू शकते. नव्या, लहान उद्योगाने मात्र सामग्री आधीच विकत घेतलेली असते, कामगारांचे वेतन चालू असते आणि ग्राहकाकडील उरलेली रक्कम जोडणीनंतरच हाती येते. अशा वेळी तंत्र निर्दोष असूनही उद्योग बुडू शकतो. शिवाय विद्युत अधिनियम, २००३ अन्वये राज्यांचे नियामक आयोग आपापले नियम करतात. त्यामुळे एका राज्यात अंगवळणी पडलेली रीत दुसऱ्या राज्यात जशीच्या तशी चालत नाही.

म्हणून नियम अनावश्यक ठरतात काय? नाही. पुरवठा बंद असताना छपरावरील वीज वाहिनीत उतरली, तर दुरुस्ती करणाऱ्या कामगाराच्या जिवावर बेतेल. उणीव होती ती बंधनकारक मुदतीची. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र शासनाने ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली. तीनुसार १० किलोवॅटपर्यंतचे अर्ज तांत्रिक व्यवहार्यतेच्या तपासणीवाचून मान्य समजले जातात. त्याहून मोठ्या संचांसाठी तपासणीची मुदत २० दिवसांवरून १५ दिवसांवर आली. ती टळल्यास अर्ज मान्य झाला असे धरले जाते.

सुरक्षिततेची अट कायम ठेवूनही विलंबाचा भार दुर्बळाच्या खांद्यावरून उतरविता येतो, हेच यावरून दिसते.