वाहत्या रक्ताची साक्ष

मानवी मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के. परंतु त्यास रक्ताचा अखंड पुरवठा लागतो. हा पुरवठा करणाऱ्या एखाद्या धमनीची भिंत दुर्बल होऊन तेथे फुगा येतो, त्यास अॅन्युरिझम म्हणतात. तो फुटल्यास प्राणावर बेतते. म्हणून शल्यचिकित्सक कवटी उघडून, सूक्ष्मदर्शकाखाली, फुग्याच्या मानेवर धातूची बारीक क्लिप बसवितात. १९३७ साली अमेरिकेत वॉल्टर डँडी यांनी फुग्याच्या मानेवर क्लिप बसविण्याची शस्त्रक्रिया प्रथम यशस्वी केली.

क्लिप बसली, तरी दोन प्रश्न उरतात. फुग्यात रक्त अजूनही शिरत आहे काय? शेजारची केसासारखी धमनी क्लिपमध्ये दबली तर नाही ना? पहिल्या बाबतीत चूक राहिल्यास फुगा पुढे फुटू शकतो. दुसऱ्या बाबतीत राहिल्यास मेंदूचा काही भाग रक्तावाचून मरून पक्षाघात होऊ शकतो. धमनी बाहेरून पाहून आतील प्रवाहाचा निर्णय नेहमीच देता येत नाही.

येथे इंडोसायनिन ग्रीन हे रंगद्रव्य उपयोगी पडते. शिरेतून टोचल्यावर ते रक्तातील प्रथिनांशी बद्ध होऊन थोड्याच वेळात मेंदूत पोहोचते. सुमारे ८०० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश शोषून ते सुमारे ८३० नॅनोमीटरचा प्रकाश बाहेर टाकते. या गुणधर्मास प्रतिदीप्ती म्हणतात. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. सूक्ष्मदर्शकास जोडलेला कॅमेरा तो टिपतो. पडद्यावर वाहते रक्त उजळते. प्रवाह नसेल तेथे अंधार राहतो. फुगा काळा आणि शेजारच्या धमन्या उजळ दिसल्या, तर क्लिप योग्य बसली असे समजतात. अन्यथा शस्त्रक्रिया चालू असतानाच ती सुधारता येते. यकृत हे द्रव्य काही मिनिटांत रक्तातून काढू लागते. त्यामुळे तपासणी पुन्हा करता येते. जर्मनीतील आंद्रेआस राबे व सहकाऱ्यांनी २००३ साली मेंदूच्या शस्त्रक्रियेतील ही पद्धत प्रसिद्ध केली.

तथापि हाडाखाली वा रक्ताच्या गुठळीमागे दडलेली वाहिनी कॅमेऱ्यासही दिसत नाही. तेथे क्ष-किरणांच्या अँजिओग्राफीचा आधार घ्यावा लागतो.

विद्यार्थी मित्रहो, धम्मास ‘एहिपस्सिक’ म्हणतात. म्हणजे ‘या आणि स्वतः पाहा’ असे आवाहन करणारा. निष्णात हातही आपले काम तपासल्यावाचून जखम शिवत नाही. आपल्या कौशल्यावर विश्वास असावा. पण त्याने पुराव्याची जागा घेऊ नये. हाच या प्रकाशाचा बोध आहे.