सनद हरवली, वहिवाट राहिली

प्रश्न : इंग्लंडमधल्या हंगरफर्ड गावात दरवर्षी दोन पुरुष फुलांनी सजवलेल्या काठ्या घेऊन घरोघर जातात आणि बायकांकडून एक पेनी किंवा एक पापा वसूल करतात, असं एका व्हिडिओत पाहिलं. ही खरंच जुनी प्रथा आहे की पर्यटकांसाठी उभा केलेला खेळ? – एक वाचक, सातारा

उत्तर : प्रथा खरी आहे, जुनी आहे, आणि तिच्या मुळाशी पाप्यापेक्षा जमीन आणि पाणी अधिक आहे.

हंगरफर्ड हे बर्कशायरमधलं, लंडनच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवरचं, सहा हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. चौदाव्या शतकात ते तिसऱ्या एडवर्ड राजाच्या मुलाकडे, लँकेस्टरचा ड्यूक जॉन ऑफ गाँट याच्याकडे होतं. त्याने गावकऱ्यांना केनेट नदीत मासे धरण्याचा आणि गायरानात गुरं चारण्याचा हक्क दिला, आणि त्याची खूण म्हणून एक पितळी शिंग दिलं, असं गाव पिढ्यान् पिढ्या सांगत आलं आहे. खुद्द ड्यूक 1399 मध्ये वारला. पुढे पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात सरकारी अधिकाऱ्यांनी मासेमारीच्या हक्कावर बोट ठेवलं. मूळ सनद दाखवा म्हणाले, तर ती गावापाशी नव्हती. गाव मात्र हटलं नाही. हक्क टिकला, आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला गावची जहागीरच गावाच्या विश्वस्तांच्या हाती आली.

इथे मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते 1634 सालचं दुसरं शिंग. जॉन ऑफ गाँटने दिलेला मासेमारीचा हक्क नदीच्या कुठल्या खुणेपासून कुठल्या खुणेपर्यंत आहे, हे त्या शिंगावरच कोरलेलं आहे. शेजारी त्या वर्षीच्या कॉन्स्टेबलचं, म्हणजे गावच्या प्रमुख मानकऱ्याचं नाव आहे. कागद गहाळ होतो, हे गावाला अनुभवाने कळलं होतं. दरवर्षी सगळ्यांसमोर वाजणारं शिंग गहाळ होणं अवघड.

तुम्ही पाहिलेला दिवस म्हणजे हॉकटाइडचा मंगळवार, ईस्टरनंतरचा दुसरा. हॉकटाइड एके काळी इंग्लंडभर साजरा व्हायचा. बाकी ठिकाणी तो विरून गेला. हंगरफर्डला टिकला, कारण तिथे त्या दिवशी खरोखरचं काम असतं. सकाळी 8 वाजता टाउन हॉलच्या सज्ज्यातून शिंग फुंकतात. दवंडीवाला घंटा वाजवत फिरतो आणि हक्कदारांना न्यायसभेला बोलावतो. हक्क माणसाला नाही, घराला आहे. हाय स्ट्रीट आणि लगतची शंभराच्या आसपास जुनी घरं या हक्काची. घर ज्याच्या मालकीचं तो हक्कदार, मग तो गेल्याच वर्षी राहायला आलेला असो. सभेला न येणाऱ्याने एक पेनी दंड भरायचा, नाहीतर वर्षभराचा हक्क गेला. सभेत कॉन्स्टेबल निवडतात, नदीचे राखणदार, गायरानाचे देखरेखवाले, सामायिक पेटीच्या किल्ल्या सांभाळणारा आणि बिअरची चव घेऊन ती खरी की भेसळीची हे सांगणारेही निवडतात.

काठीवाले दोघे या व्यवस्थेतले वसुलीदार. त्यांना टुटी-मेन म्हणतात. पूर्वी वस्तीवर पहारा ठेवायचा आणि त्याबद्दल घरटी पेनी गोळा करायची, हे त्यांचं काम. पहारा गेला, फेरी राहिली. उंच काठीला ताजी फुलं आणि रिबिनी, टोकाला एक संत्रं. मागून तुरेदार टोपी घातलेला, पोतंभर संत्री वाहणारा माणूस. पेनी किंवा पापा मिळाला की घरात एक संत्रं देतात. वरच्या मजल्यावर कुणी असेल तर शिडी लावून चढतात. फेरी दिवसभर चालते, पोरं संत्र्यांसाठी झोंबाझोंबी करतात. दुपारच्या जेवणानंतर पहिल्यांदा आलेल्या पाहुण्याचा पाय धरून बुटाच्या टाचेत खिळा ठोकायचं नाटक करतात. तो ‘पंच’ असं ओरडला की सुटला. मग पंच या मद्यपेयाचा खर्च त्याच्याकडून.

या गावाचं नाव जगाने ऐकलं ते मात्र दुःखामुळे. 19 ऑगस्ट 1987 ला एका माणसाने इथे आणि आसपास 16 जणांना गोळ्या घालून ठार मारलं. त्यातून 1988 मध्ये ब्रिटनचा बंदूक कायदा कडक झाला. गावकऱ्यांना आपली ओळख त्या एका दिवसापुरती राहावी असं वाटत नाही, आणि ते रास्तच आहे.

गायरान आणि नदी आजही एका धर्मादाय संस्थेमार्फत गावाकडेच आहेत. उन्हाळ्यात गुरं गायरानात मोकळी चरतात, मधून जाणाऱ्या रस्त्यावर उभी राहतात, मोटारी थांबतात. केनेट चुनखडीच्या टेकड्यांतून झिरपलेल्या, गार आणि नितळ पाण्याची नदी असल्याने ट्राउटसाठी नावाजलेली आहे. जुलै 2013 मध्ये याच नदीत वरच्या अंगाला क्लोरपायरिफॉस मिसळलं. आपल्या शेतकऱ्यांना हे कीटकनाशक चांगलं परिचयाचं आहे. काही किलोमीटरपर्यंत पाण्यातले किडे आणि झिंगे मेले. ही गोष्ट पहिल्यांदा ध्यानात आली ती नदीतले किडे नियमाने मोजणाऱ्या स्वयंसेवकांच्या. नदी आपली आहे असं मानणारी माणसं काठावर असली की असं होतं. मिरवणुकीचा खर्च आणि खटाटोप सार्थकी लागतो तो इथे, असं माझं मत आहे.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं, की गंमत पर्यटकही बघतात, पण दिवस गावाचा आहे. कधी लंडनला गेलात, तर पॅडिंग्टनहून हंगरफर्डला थेट गाडी आहे, तासाभराचा प्रवास. मंगळवारी सकाळी 8 च्या आत टाउन हॉलसमोर पोचा. आणि काठ्यांचे फोटो काढून लगेच परतू नका. तासभर गायरानात आणि नदीकाठी फिरून या.