स्मशानातले दोन उपदेशक



आजचं वाचन महाभारताच्या शांतिपर्वातलं आहे, आपद्धर्म या भागातलं. गिधाड आणि कोल्ह्याचा संवाद. आपल्या पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या संशोधित आवृत्तीत हा १४९वा अध्याय. खरं तर आज गीतेचा पुढचा श्लोक घ्यायचा होता, पण तो बाजूला ठेवलाय. कारण सांगतो.

आमच्या सोसायटीत नववीतली एक मुलगी राहते. तिच्या वर्गातला मुलगा दहा दिवसांपूर्वी अचानक गेला. आदल्या दिवशी पीटीच्या तासाला मैदानावर होता, दुसऱ्या दिवशी नव्हता. शाळेत दोन मिनिटं शांतता पाळली. मग कुणीतरी मोठ्यांनी माईकवर सांगितलं की आत्मा अमर आहे, शहाणा माणूस शोक करत नाही, आणि चाचणी परीक्षा सोमवारपासून ठरल्याप्रमाणे होईल. मुलीने मला विचारलं, "दादा, मला अजून रडू येतं, म्हणजे मी अज्ञानी आहे का?"

या प्रश्नाला मला शांतिपर्वातली ही गोष्ट आठवली. अनेक प्रतींत तिची सुरुवात युधिष्ठिराच्या प्रश्नाने होते. तो भीष्मांना विचारतो, मेलेला माणूस पुन्हा जिवंत झालेला तुम्ही कधी पाहिलाय का, ऐकलाय का? युद्ध संपलंय, घरातली मुलं गेलीत, आणि धर्मराज हे विचारतोय. प्रत्येक घरात, प्रत्येक वर्गात कुणीतरी मनातल्या मनात हेच विचारत असतं.

भीष्म गोष्ट सांगतात. एका घरातला एकुलता एक लहान मुलगा जातो. नातेवाईक त्याला स्मशानात आणतात आणि तिथेच रडत बसतात. त्यांना सोडून जाववत नाही. तेवढ्यात एक गिधाड येतं. म्हणतं, जन्मलेला प्रत्येक जण मरणारच, इथून कुणी परत आलेलं नाही, मी हजार वर्षं बघतोय. सूर्य मावळतोय, घरी जा. लोकांना पटतं, ते निघतात. मग बिळातून कोल्हा बाहेर येतो. काय निर्दय माणसं तुम्ही! अजून ऊन आहे, इतक्यात माया आटली? पशुपक्षीसुद्धा पिल्लांना असं टाकून जात नाहीत. थांबा, कदाचित उठेल. तोही जुनी उदाहरणं देतो, अमक्या राजाचा मुलगा उठला होता म्हणतो. लोक परत फिरतात. पुन्हा गिधाड, पुन्हा कोल्हा. ती बिचारी माणसं संध्याकाळभर नुसती ये-जा करत राहतात.

आता गंमत बघा (गंमत हा शब्द इथे बोचतो, पण असू दे). गिधाड दिवसा खातं, म्हणून लोकांनी उजेड असेपर्यंत निघून जावं असं त्याला वाटतं. कोल्ह्याची वेळ रात्रीची, म्हणून अंधार पडेपर्यंत त्यांनी थांबावं अशी त्याची इच्छा. भीष्म सरळ सांगतात की दोघेही भुकेले होते आणि शास्त्राच्या आधाराने बोलत होते. गिधाडाचं एकही वाक्य खोटं नाही, आणि कोल्ह्याच्या बोलण्यातली मायाही मनाला भिडते. तरी दोघांनाही त्या माणसांशी काही देणंघेणं नाही. मम्मटाने काव्यप्रकाशात हाच संवाद ध्वनीचं उदाहरण म्हणून घेतलाय, कारण इथे खरा अर्थ शब्दांत नाही, बोलणाऱ्याच्या पोटात आहे.

हे दोन्ही आवाज पुण्याने ऐकलेत. १ फेब्रुवारी २०१६, सोमवार. कॅम्पातल्या आझम कॅम्पसच्या आबेदा इनामदार कॉलेजची सहल मुरुड-जंजिऱ्याला गेली होती. समुद्रात १४ विद्यार्थी बुडाले. मी तेव्हा दुसऱ्या कॉलेजात शिकत होतो. रात्रीपर्यंत आमच्या ग्रुपवर किनाऱ्याचे फोटो फिरत होते, खाली रडक्या चेहऱ्यांची रांग. दोन दिवसांनी त्याच ग्रुपवर "जो आवडतो सर्वांना" छापाचे सुविचार आले, आणि मग सबमिशनच्या तारखा. चौकशी, जबाबदारी, सहलींचे नियम, हे सगळं व्हायलाच हवं होतं, त्याबद्दल मी बोलत नाहीये. पण ज्यांच्या शेजारचा बाक रिकामा झाला होता, त्यांच्याशी या फोटोंपैकी किंवा सुविचारांपैकी एकही शब्द बोलत नव्हता.

आता त्या मुलीचा प्रश्न. शहाण्याने शोक करू नये हे गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आहे, खरंय. पण ते कुणाला सांगितलंय? रणांगणावर धनुष्य टाकून बसलेल्या अर्जुनाला, अजून कुणीही मेलेलं नसताना. तोच अर्जुन तेराव्या दिवशी संध्याकाळी संशप्तकांशी लढून परत येतो. छावणीत वाद्यं वाजत नाहीत, कुणी त्याच्याकडे बघत नाही. तो विचारतो, रोज हसत सामोरा येणारा अभिमन्यू आज कुठेय? कळल्यावर तो कोसळतो. पूर्ण गीता प्रत्यक्ष भगवंताच्या तोंडून ऐकलेला माणूस सोळा वर्षांच्या मुलासाठी ओक्साबोक्शी रडतो. कृष्ण त्याला धीर देतात, शूरांची गती सांगतात. पण तू रडतोस म्हणजे तुला गीता कळली नाही, असं म्हणत नाहीत.

आणि लांब कशाला, आळंदी घ्या. शके १२१८, म्हणजे इ.स. १२९६. ज्ञानोबा माउलींनी २१व्या वर्षी समाधी घेतली. तो प्रसंग नामदेवरायांनी अभंगांत सांगितलाय. त्यात सगळ्यात जास्त कोण हेलावलं? निवृत्तिनाथ. थोरला भाऊ, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे गुरू. ज्यांनी माउलींना ज्ञान दिलं, तेच आपला शिष्य जाताना सावरू शकले नाहीत; बाकीच्या संतांना त्यांची समजूत काढावी लागली. ज्ञान असलं की डोळे कोरडे राहतात, हे वारकऱ्यांच्या घरात तरी चालणार नाही. हे मी तिला जसंच्या तसं सांगितलं.

गोष्टीचा शेवट मात्र मला तिला सांगवला नाही. शेवटी शंकर प्रकट होतात आणि मुलगा जिवंत होतो. तिच्या वर्गातला मुलगा परत येणार नाहीये, आणि हे चौदा वर्षांच्या मुलीला आपल्यापेक्षा जास्त कळतं. मी तिथे अडलो, अजूनही थोडा अडलेलोच आहे. पण परत वाचताना एक ओळ दिसली, जी आधी नजरेतून सुटायची. शंकर त्या गिधाडाची आणि कोल्ह्याचीसुद्धा भूक शमवतात. म्हणजे उपदेश करणाऱ्याची भूकही खरी असते. माईकवर बोलणाऱ्या त्या माणसाला समोर बसलेल्या रडणाऱ्या पोरांची भीती वाटली असेल. शाळा चालू ठेवायची होती, काय बोलायचं ते सुचलं नसेल. मला त्यांचा राग येत होता, तो या ओळीपाशी थोडा निवळला.

त्या मुलीने पुढे विचारलं, मग करू काय? मी म्हटलं, त्याच्या घरी जा. पण आत्ता नको, आत्ता घर माणसांनी भरलेलं असेल. तेराव्यानंतर लोक यायचे थांबतात, तेव्हा दोघी-तिघी मिळून जा. त्याच्या आईला माहीत नसलेलं काहीतरी घेऊन जा: तो कुणाला कंपास द्यायचा, कुठल्या सरांची नक्कल करायचा, डब्यातलं काय पळवायचा. त्याचं नाव घेऊन बोला. आई रडली तर घाबरू नका. शिक्षक वाचत असतील तर त्यांना एक विनंती: त्याचा बाक हलवण्याआधी, हजेरीतून त्याचा नंबर काढण्याआधी मुलांना विचारा. आणि कुणाला रात्र रात्र झोप लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर फक्त नामस्मरणावर सोडू नका. घरच्यांना सांगा, १४४१६ या टेलि-मानसच्या नंबरवर फोन करा. सरकारी आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

ती रविवारी जाणार आहे. जाताना त्याची विज्ञानाची वही नेणार आहे, तिच्याकडेच राहिली होती.

उद्याचं वाचन: द्रोणपर्व, अकंपन राजाची गोष्ट. याच अभिमन्यूच्या शोकात व्यासांनी ती युधिष्ठिराला सांगितली. ब्रह्मदेव मृत्यूला निर्माण करतात, आणि लोकांना मारायचं काम ऐकून ती मृत्यूच रडायला लागते. संशोधित आवृत्तीत द्रोणपर्वात सापडली नाही, तर शांतिपर्वात बघा.