दुखत नाही म्हणून थांबू नये

रुग्ण मुखेडचा शेतकरी असो वा औशाचा वाहनचालक, मुखकर्करोगाची हकीकत बहुधा एकाच वळणाने जाते: गालाच्या आत पांढरा चट्टा उमटतो, ठेचा झोंबू लागतो, ‘उष्णतेने तोंड आले’ असे समजून तूप लावले जाते आणि चट्टा दुखत नसल्यामुळे सुगी उरकेपर्यंत तपासणी लांबणीवर पडते. प्रत्यक्षात हा कर्करोग सुरुवातीला सहसा दुखत नाही. दुखू लागतो तेव्हा तो अनेकदा जबड्यापर्यंत किंवा मानेतील गाठींपर्यंत पोहोचलेला असतो.

दाढेखाली धरलेली तंबाखू-चुन्याची गोळी, मिश्री, गुटखा आणि मावा ही त्याची प्रमुख कारणे होत. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण नुसती सुपारीही निर्धोक नाही, कारण तिच्यामुळे गालाच्या अस्तराखाली कडक तंतू साचून तोंड उघडेनासे होते. ‘सबम्युकस फायब्रोसिस’ नावाच्या या विकाराचे पुढे कर्करोगात रूपांतर होऊ शकते. उघडलेल्या तोंडात एकावर एक ठेवलेली तीन बोटे उभी मावेनाशी झाली, भाकरीचा घास घेताना जबडा आखडू लागला, तर तो इशारा समजावा.

मुखकर्करोगाने राज्याचे माजी गृहमंत्री आर. आर. पाटील यांचे फेब्रुवारी २०१५ मध्ये वयाच्या ५७ व्या वर्षी निधन झाले, तर २००४ मध्ये निदान झालेले शरद पवार उपचारांनंतर पुन्हा सार्वजनिक जीवनात परतले आणि सुपारीच्या सवयीबद्दल त्यांनी जाहीर खंत व्यक्त केली.

तंबाखू वा सुपारी खाणाऱ्याने दर महिन्याला आरशासमोर ओठ, गाल, हिरड्या आणि जिभेच्या कडा पाहाव्यात आणि पांढरा वा लाल चट्टा, गाठ किंवा न भरणारी जखम दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास नांदेड किंवा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवावी. डॉक्टरांनी बायॉप्सी, म्हणजे संशयित भागाचा लहानसा तुकडा काढून केलेली तपासणी, सुचवल्यास ‘सुरी लागली की रोग पसरतो’ या समजुतीपायी ती टाळू नये, कारण निदान तिच्यावाचून पक्के होत नाही. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या निःशुल्क क्रमांकावर समुपदेशन मिळते. हंगाम पुढच्या वर्षी पुन्हा येतो, म्हणून तपासणी आधी करावी आणि सुगी नंतर.