लगामाची ने-आण करणारे प्रथिन

उतारावर सायकलला पायडल मारावे लागत नाही, पण ब्रेक मात्र लागतोच. मेंदूचेही तसेच आहे. आपल्या मेंदूतील सुमारे ८६०० कोटी चेतापेशी एकमेकींना सतत संदेश देत असतात. त्यांत 'चल' म्हणणारे संदेश असतात, तसे 'थांब' म्हणणारेही असतात. हे 'थांब' नसते, तर एका कोपऱ्यातील उत्तेजना वणव्यासारखी सगळीकडे पसरली असती. अपस्माराच्या झटक्यात, म्हणजे फिट येते तेव्हा, काहीसे असेच घडते.

ब्रेक कसा लागतो?

मेंदूतील 'थांब' या संदेशाचे मुख्य वाहन म्हणजे गॅबा नावाचा एक छोटा रेणू. तो मेंदूत असल्याचे १९५० साली कळले. तो काम कसे करतो हे समजण्यासाठी थोडे पदार्थविज्ञान आठवू या.

विश्रांत चेतापेशीची आतली बाजू बाहेरच्या बाजूपेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टनी ऋण असते. टॉर्चच्या सेलचे दीड व्होल्ट पाहता हे अगदीच किरकोळ वाटेल. पण पेशीपटलाची जाडी किती? जवळजवळ ५ नॅनोमीटर, म्हणजे मीटरचा २० कोटीवा भाग. विभवांतराला जाडीने भागा. उत्तर येते दर मीटरला १ कोटी ४० लाख व्होल्ट! हवेत ठिणगी पडायला दर मीटरला सुमारे ३० लाख व्होल्ट पुरतात. एवढ्या तीव्र विद्युत्क्षेत्रात आपले विचार चालतात.

हा ऋणपणा पुरेसा कमी झाला की पेशी संदेश सोडते. गॅबाचे काम नेमके उलट. पेशीपटलात 'गॅबा-ए' ग्राही नावाची दारे असतात. पाच प्रथिनखंड गोलाकार उभे राहून मध्ये एक बोगदा तयार करतात. गॅबा येऊन चिकटला की बोगदा उघडतो, ऋणभारित क्लोराइड आयन साधारणपणे आत शिरतात आणि पेशी सहजासहजी पेटत नाही. या पाच खंडांपैकी एक बहुधा 'गॅमा-२' असतो. त्याचे नाव लक्षात ठेवा. १९६३ पासून वापरात असलेले डायझेपाम हे औषध याच खंडाच्या सांध्यात बसून गॅबाचा जोर वाढवते.

दारे हलती असतात

आता खरी गंमत. ही दारे भिंतीत कायमची बसवलेली नसतात. ती पेशीच्या आत तयार होतात, चिमुकल्या पिशव्यांतून पृष्ठभागाकडे नेली जातात, काही काळ तेथे राहतात आणि पुन्हा आत ओढली जातात. ब्रेकची ताकद ठरते ती पृष्ठभागावर त्या क्षणी किती दारे आहेत यावर.

हा केवळ पुस्तकी मुद्दा नाही. फिट फार वेळ चालू राहिली, तर हे ग्राही पृष्ठभागावरून आत ओढले जातात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. दारच जागेवर नसेल, तर डायझेपाम कोणावर काम करणार? लांबलेल्या फिटमध्ये औषधाचा गुण उतरत जातो, त्याचे हे एक कारण मानले जाते. म्हणूनच पाच मिनिटांत फिट थांबली नाही, तर रोग्याला तातडीने दवाखान्यात न्यावे.

मग या दारांची ने-आण करतो कोण? १९९९ साली अमेरिकेतील रिचर्ड ओल्सन यांच्या गटाने एक उमेदवार पुढे आणला. गॅमा-२ खंडाचा पेशीच्या आत लोंबणारा भाग त्यांनी गळासारखा वापरला, आणि त्याला एक छोटे प्रथिन लागले. त्याचे नाव 'गॅबारॅप', म्हणजे गॅबा-ए ग्राहीशी निगडित प्रथिन. त्यात अवघी ११७ अमिनो आम्ले आहेत. एका बाजूने ते ग्राहीला धरते, तर दुसऱ्या बाजूने पेशीतील वाहतुकीचे रूळ ज्या प्रथिनाचे असतात, त्या ट्यूब्युलिनला धरते. हमाल म्हणून आणखी काय हवे?

जिवाणूंचा कारखाना

प्रथिनाचा अभ्यास करायचा तर ते शुद्ध आणि भरपूर हवे. मानवी मेंदूतून ते काढणे शक्य नाही. येथे १९७३ साली कोहेन आणि बॉयर यांनी दाखवलेली युक्ती कामी येते. मानवी जनुकाची प्रत एका छोट्या वर्तुळाकार डीएनएत जोडतात व तो जिवाणूत घालतात. जिवाणू ती सूचना वाचून मानवी प्रथिन बनवतो. अशा प्रथिनाला पुनर्संयोजित प्रथिन म्हणतात. मधुमेहींसाठी १९८२ पासून मिळू लागलेले मानवी इन्सुलिन असेच बनते.

पण जिवाणूची स्वतःची हजारो प्रथिने असतात. त्यांतून आपले कसे निवडावे? जनुक जोडतानाच प्रथिनाच्या टोकाला हिस्टिडिन या अमिनो आम्लाची सहा मण्यांची शेपटी लावतात. हिस्टिडिन निकेलला चिकटते. जिवाणू फोडून मिळालेला रस निकेलयुक्त कणांच्या नळीतून सोडला की इतर प्रथिने बहुतांशी वाहून जातात आणि शेपटीवाले मागे राहते. मग योग्य द्रावणाने ते सोडवून घेतात. अशा शुद्ध प्रथिनाचे स्फटिक करून, त्यांवर क्ष-किरण टाकून, २००२ सालापर्यंत गॅबारॅपचा आकार अणूगणिक समजला.

कसोटी

परीक्षानळीत दोन प्रथिने एकमेकांना चिकटली, म्हणजे जिवंत मेंदूतही त्यांचे तेच काम असते का? हे तपासण्याचा सरळ मार्ग म्हणजे एक प्रथिन काढून टाकणे. गॅबारॅपचे जनुक नसलेले उंदीर तयार केले गेले. २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. उंदीर धडधाकट होते आणि ग्राहीही आपापल्या जागी होते!

मग पहिला शोध चुकीचा होता का? नाही. दोघे चिकटतात हे खरेच आहे. चुकली ती आपली घाई. गॅबारॅपला अगदी सारखी भावंडे आहेत, त्यांपैकी कोणी त्याची जागा भरून काढत असेल. शिवाय नेहमीची ने-आण त्याच्याविना चालते, पण उत्तेजना बदलल्यावर ग्राहींची संख्या वाढवताना त्याची गरज लागते, असे पुढील प्रयोगांनी सुचवले.

आणि त्याचे आणखी एक काम निघाले. यीस्टमध्ये 'एटीजी-८' नावाचे त्याचे नातेवाईक प्रथिन आहे. पेशी स्वतःचे जुने, मोडके भाग पिशवीत भरून पचवते, त्या स्वभक्षणात ते लागते. याच विषयावरील संशोधनासाठी योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. गॅबारॅपही मानवी पेशीत हे काम करते. त्याचे शेवटचे, ११७वे अमिनो आम्ल कापले जाते आणि उघडे पडलेले टोक पिशवीच्या मेदाला जोडले जाते. म्हणजे ज्याला आपण ग्राहींचा हमाल म्हणून ओळखले, तो पेशीचा सफाई कामगारही निघाला. नाव मात्र पहिलेच राहिले.

मित्रांनो, विज्ञानात नाव ही पहिल्या भेटीची आठवण असते. ती व्यक्तीची संपूर्ण ओळख नव्हे.

स्वाध्याय

१. एक जिवाणू दर २० मिनिटांनी दुप्पट होतो. अन्न पुरेसे असेल, तर १० तासांनी किती जिवाणू होतील? प्रत्यक्षात ही वाढ अशीच का चालू राहत नाही?

२. एखादे प्रथिन काढून टाकल्यावर प्राण्यात काहीच बदल दिसला नाही, तर 'हे प्रथिन निरुपयोगी आहे' असे म्हणता येईल का? दोन्ही बाजूंनी वर्गात चर्चा करा.