परदेशी नागरिक, पुण्यातलं घर

नोव्हेंबर लागला की कोथरूड, औंध, बाणेरमधल्या सोसायट्यांत एरवी बंद असणाऱ्या काही खिडक्या उघडतात. न्यू जर्सी, टेक्सास, लंडन, टोरांटोहून मालक आलेले असतात. गाद्या गच्चीवर उन्हाला पडतात, स्वयंपाकाच्या मावशींना निरोप जातो, नाटकांची तिकिटं काढली जातात. मार्चअखेर उन्हाचा चटका वाढला की बॅगा भरल्या जातात आणि घर पुन्हा कुलपात जातं. या मंडळींची मुळं इथली, बोली इथली. पासपोर्ट मात्र परक्या देशाचा. कायद्याच्या लेखी ते इथे घर असलेले परदेशी पाहुणे असतात, आणि याची झळ त्यांना बहुधा ते इथे नसताना लागते.

माझी ताई आणि भाऊजी त्यांपैकीच. दोघं निवृत्त, अमेरिकन नागरिक, हिवाळ्यापुरते कोथरूडकर. त्यांच्या फ्लॅटची किल्ली माझ्याकडे असते, त्यामुळे यातलं बरंचसं मी जवळून पाहिलं आहे.

परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ तसं सांगतं. मग हाती येतं ते ओसीआय कार्ड. त्याने आयुष्यभराचा व्हिसा मिळतो, कितीही दिवस राहिलं तरी परदेशी म्हणून नोंदणी करावी लागत नाही, फ्लॅट किंवा दुकानाचा गाळा विकत घेता येतो. मतदान करता येत नाही. शेतजमीन, मळा, फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाने आलेली जमीन ठेवता येते. मुळशी-पानशेतच्या बाजूचा सात-बारा घेऊन ‘लवकरच एनए होणार’ असं सांगणारे दलाल हिवाळ्यात या घरांची दारं हमखास ठोठावतात. उताऱ्यावर जमीन शेतीची आहे तोवर ओसीआयधारकाने त्या व्यवहारात पडू नये. भावाच्या नावावर घेऊन ठेवा, असा सल्लाही मिळतो. तो थेट बेनामी व्यवहाराच्या कायद्याकडे नेतो, तेव्हा त्याला तिथल्या तिथे नकार द्यावा.

ज्यांचं मूळ भारतीय नाही त्यांची वाट याहून अवघड. गोव्यात घर घेतलेल्या अनेक ब्रिटिश आणि रशियन मंडळींना सक्तवसुली संचालनालयाच्या चौकशीला तोंड द्यावं लागलं. परकीय चलन कायद्यानुसार घर घेण्यासाठी आधीच्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांहून अधिक वास्तव्य लागतं, तेही नोकरी-व्यवसायासारख्या कारणाने. पर्यटक व्हिसावर मात्र सलग १८० दिवसांच्या वर राहताच येत नाही. पर्यटक म्हणून येऊन घरमालक होण्याचा रस्ता कायद्याने ठेवलेलाच नाही.

१८२ हा आकडा ओसीआयवाल्यांच्याही वाटेत येतो, पण प्राप्तिकराच्या बाजूने. १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात १८२ किंवा त्याहून अधिक दिवस भारतात काढले, की माणूस करापुरता निवासी ठरतो. भाऊजींचा पहिला बेत सरळ होता: १ ऑक्टोबरला यायचं, ३१ मार्चला निघायचं. ऑक्टोबरचे ३१, नोव्हेंबरचे ३०, डिसेंबर-जानेवारीचे ६२, फेब्रुवारीचे २८, मार्चचे ३१. बेरीज नेमकी १८२. लीप वर्षात १८३. सी.ए.ने वहीत ही बेरीज मांडून दाखवली आणि तिकिटं पुढे सरकली. शिवाय २०२०-२१ पासून, ज्यांचं भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर आहे आणि आधीच्या चार वर्षांत ज्यांचा मुक्काम ३६५ दिवस किंवा जास्त झाला आहे, त्यांच्यासाठी ही मर्यादा १२० दिवसांवर आली. दोन फ्लॅटचं भाडं, ठेवींचं व्याज, शेअर्सचा नफा असं सगळं धरलं तर १५ लाख फार लांब नसतात. दीर्घकाळ परदेशी राहिलेल्याच्या अमेरिकेतल्या पेन्शनवर निवासी ठरल्याबरोबर इथे कर बसतो असं नाही, मधला एक दर्जा आहे; पण तो टिकतो किती आणि विवरणपत्रात काय दाखवायचं, हे आधीच विचारून घ्यावं. दिवस मोजताना उतरण्याचा आणि निघण्याचा, दोन्ही दिवस धरलेले बरे.

अमेरिकेची बाजूही विसरून चालत नाही. परदेशातल्या सगळ्या बँक खात्यांची मिळून शिल्लक वर्षात एकदाही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर ती माहिती तिथल्या सरकारला वेगळ्या अर्जाने द्यावी लागते. आईबरोबरचं संयुक्त खातंही त्यात येतं.

पण माझा जीव सगळ्यात जास्त टांगणीला लागला तो एका पावसाळ्यात. कुलूपबंद फ्लॅटच्या न्हाणीघरातली जुनी पाइप फुटली आणि खालच्या कुटुंबाच्या छतावर ओल उतरली. किल्ली होती, म्हणून पाणी बंद करता आलं. पुढे सगळंच अडलं. प्लंबरचे आणि खालच्या घराच्या रंगकामाचे पैसे ताईच्या एनआरओ, म्हणजे अनिवासींसाठीच्या, बँक खात्यातून द्यायचे, तर ओटीपी तिच्या भारतीय मोबाइलवर जाणार, आणि तो क्रमांक बंद पडलेला. नव्वद दिवस वापर नसला की प्रीपेड क्रमांक बंद होऊ शकतो, हे घर सोडताना कोणाच्या ध्यानात येत नाही. क्रमांक बंद झाला की बँक, वीजबिल, महापालिकेचा कर, आधार अशी एकेक दारं मिटत जातात. परदेशातही चालू राहणारं वर्षभराचं रिचार्ज, किंवा इथल्या विश्वासू माणसाच्या फोनमध्ये ते सिम, यांपैकी एक सोय निघण्याआधी झालीच पाहिजे. पाण्याचा मुख्य कॉक बंद हवा. घराचा विमा असेल तर घर सलग किती दिवस बंद चालतं याची अट त्यात वाचावी; लांबलचक कुलूप काही कंपन्यांना आधी कळवावं लागतं.

त्याच वेळी कुलमुखत्यारपत्राचा विषय निघाला. इथे घाई उपयोगाची नाही. अमेरिकेत केलेलं कुलमुखत्यारपत्र नोटरीपुढे सही करून, त्या राज्याच्या कार्यालयातून अपोस्टिल करून घ्यावं लागतं. भारत २००५ मध्ये अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला, म्हणून तो शिक्का इथे चालतो. पण कागद महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं, आणि ही मुदत हुकली की ऐन गरजेच्या वेळी कागद हातात असून उपयोग होत नाही. यापेक्षा पुण्यात असतानाच वकिलाकडून मसुदा करून दुय्यम निबंधकांकडे नोंदवणं कितीतरी सोपं. मसुद्यात कामं नावानिशी लिहावीत: सोसायटीच्या सभेला जाणं, दुरुस्ती, कर भरणं, भाडेकरार. घर विकण्याचा अधिकार सहजी देऊ नये. आणि देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर हे पत्र संपतं, हे भावंडांनीही लक्षात ठेवावं.

सोसायटीचं वागणं बहुधा आपलेपणाचं असतं, तरी तिचे निर्णय गैरहजर माणसासाठी थांबत नाहीत. जुन्या इमारतींच्या पुनर्विकासासाठी ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने ५१ टक्के सभासदांची संमती पुरेशी केली. पूर्वी ती ७५ टक्के लागत असे. म्हणजे आपण परदेशी असताना आपली इमारत पाडायचं ठरू शकतं. ई-मेल पत्ता सचिवांकडे लेखी द्यावा, सभेची सूचना त्यावर मागावी. बंद घराला ना-वापर शुल्क लावलं जात असेल तर विचारणा करावी. ते भाड्याने दिलेल्या घरासाठी असतं, आणि तेही सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही.

भाड्याने देण्याचा मोह होतोच. द्यावं, पण लीव्ह अँड लायसन्स करार नोंदवूनच. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली आहे, आणि करार नोंदवलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. मालक अनिवासी असेल तर भाडेकरूने दर महिन्याच्या भाड्यातून ३१.२ टक्के कर कापायचा असतो, हे दोघांनाही माहीत हवं. विकतानाही तेच. खरेदीदार अनिवासी मालकाकडून भारी दराने, बहुतेकदा पूर्ण किमतीवर कर कापतो. कमी कपातीचा दाखला प्राप्तिकर खात्याकडून आधी मिळवला तर लाखो रुपये परताव्यासाठी अडकून पडत नाहीत.

तब्येतीचं थोडक्यात सांगते. अमेरिकेचं मेडिकेअर भारतातल्या उपचारांना सर्वसाधारणपणे लागू होत नाही. इथला वेगळा विमा साठीच्या आधी घेतला तर सोपं जातं.

गेल्या हिवाळ्यात दोघांनी भारतातल्या मालमत्तेसाठी स्वतंत्र मृत्युपत्र केलं आणि पुण्यात नोंदवलं. सोसायटीच्या दप्तरी मुलाचं नामनिर्देशन होतंच, पण नामनिर्देशित माणूस घराचा मालक ठरत नाही, तो वारसांच्या वतीने ते सांभाळतो. मुलीचाही हिस्सा कागदावर यावा असा ताईचा आग्रह होता. दोन्ही मुलांच्या ओसीआय कार्डांच्या प्रती सोबत जोडल्या. साक्षीदार म्हणून भाऊजींनी बरोबरीचे मित्र घेतले नाहीत. खालच्या मजल्यावरचं, ज्यांच्या छतावर ओल आली होती, ते तिशीतलं जोडपं घेतलं.