पायांना कळत नाही तेव्हा

सांगली

चि. सोनूस,

तुझं पत्र मिळालं. ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभागृहात मधुमेही मंडळींसाठी सकाळचा योगवर्ग सुरू करते आहेस, हे वाचून फार बरं वाटलं. त्यातल्या कित्येकांच्या पायांना मुंग्या येतात, रात्री तळवे जळतात, काहींचे पाय तर बधिर झालेत, असं लिहितेस आणि कोणती आसनं घेऊ म्हणून विचारतेस. आसनं सांगतेच, पण त्याआधी आपल्या तोंडात बसलेली दोन वाक्यं या वर्गापुरती सोडून दे. एक ‘दुखलं की थांबा’ आणि दुसरं ‘डोळे मिटा’.

वर्षानुवर्षं साखर चढलेली राहिली की नसांना इजा होते. सर्वांत लांब नसांना ती आधी भोवते, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते आणि बधिरपणा हळूहळू वर चढतो. अशा माणसाला ‘दुखलं की थांबा’ म्हणणं धोक्याचं आहे, कारण त्याला दुखतच नाही. वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं होतं, की त्या रुग्णांच्या हातापायांची हानी मुख्यतः वेदना न कळल्यामुळे, वारंवार होणाऱ्या आणि दुर्लक्षित राहिलेल्या जखमांमुळे होते. पुढे अमेरिकेत त्यांनी हेच ज्ञान मधुमेहींच्या पायांसाठी वापरलं. तेव्हा जिथे वेदना थांबवत नाही, तिथे तू थांबवायचं. कुठे टेकायचं आणि किती वेळ बसायचं, हे डोळ्यांनी आणि घड्याळाने ठरवायचं.

वज्रासनाचंच बघ. जेवणानंतर वज्रासनात बसा, असं आपण सर्रास सांगतो. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला एक नस हाडाला वळसा घालून अगदी कातडीखालून जाते. ती फार वेळ दाबली गेली तर पाऊल उचलता येईनासं होऊ शकतं. धडधाकट माणूस मुंग्या आल्या की पाय सोडवतो. या मंडळींना मुंग्या रोजच्याच, त्यांना इशारा कसा कळणार? म्हणून वज्रासन आणि पद्मासन या वर्गात नको. खुर्ची घे. पुण्यात अय्यंगार गुरुजींनी खुर्ची, पट्टा, ठोकळे, लोड यांच्या आधाराने आसनं शिकवण्याचं शास्त्रच उभं केलं. आधार घेतला म्हणून आसनाला कमीपणा येत नाही, हे तुझ्या मंडळींना पहिल्याच दिवशी सांग.

आता डोळ्यांचं. आपलं पाऊल कुठे आहे, घोटा किती वळला आहे, ही जाणीवही याच नसांतून येते. ती मंदावली की माणूस डोळ्यांच्या भरवशावर तोल सांभाळतो. उभं राहून त्याने डोळे मिटले की झोक गेलाच. उभ्या आसनांत नजर समोरच्या एका खुणेवर ठेवायला सांग. पाठीशी भिंत, पुढे खुर्चीची पाठ, पावलांत थोडं अंतर, असं ताडासन दे. वृक्षासन करायचंच तर एक हात भिंतीला आणि दुसऱ्या पायाची बोटं जमिनीवरच. बसून घोटे गोल फिरवणं, बोटं पसरणं, टाच आणि चवडा आळीपाळीने उचलणं, हे साधे प्रकार रोज असू देत. डोळे मिटायचे ते खुर्चीत टेकून बसल्यावर किंवा शवासनात. शवासनात पोटऱ्यांखाली घडी केलेलं घोंगडं दे, म्हणजे टाचांना फरशी रुतत नाही.

वर्गाची सुरुवात पाय बघण्यापासून कर. प्रत्येकाने खुर्चीत बसून एक पाय दुसऱ्या मांडीवर घ्यावा; जमत नसेल तर खाली आरसा धरावा. बोटांच्या बेचक्यात चिखल्या आहेत का, टाचेच्या भेगांतून रक्त येतंय का, कुरूप काळपट पडलंय का, हे बघावं. मग तळहाताच्या मागच्या बाजूने दोन्ही पावलांची ऊब ताडून पाहावी. चप्पल घालण्याआधी तिच्यात हात फिरवावा. माझ्या वर्गातल्या एका निवृत्त गुरुजींच्या चपलेच्या तळाला टाचणी रुतलेली होती आणि ती घेऊन ते बाजार करून आले होते. एखादं पाऊल लाल, गरम, सुजलेलं असेल आणि दुखत नसेल, तर ‘दुखत नाही ना, मग चालेल’ म्हणू नकोस. आतली हाडं ढासळत असू शकतात. त्या माणसाला चालू न देता त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठव. उघडी जखम असेल तर त्या पायावर भार नको.

नसांची इजा पायांपुरती राहत नाही. काहींचा रक्तदाब उभं राहताच उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. शवासनातून कुशीवर, मग बसून दोन मिनिटं, मग खुर्ची धरून उभं, हा क्रम मोडू देऊ नकोस. साखर उतरताना येणारी थरथर, धडधड, घाम हेही काहींना जाणवत नाही. म्हणून इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी वर्गाआधी साखर मोजावी. १००च्या खाली असेल तर आधी काही खाऊन घ्यावं. ७०च्या खाली गेली तर १५ ग्रॅम ग्लुकोज आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजणी. चतुर्थी-एकादशीला उपास धरून गोळी घेतलेलं कुणी आहे का, हे मुद्दाम विचार. आपल्याकडे तो घोटाळा हमखास होतो.

डोळ्यांच्या पडद्याला मधुमेहाने इजा झालेली असेल तर सर्वांगासन, शीर्षासन, डोकं खाली घालून वाकणं, जोराची कपालभाती आणि कुंभक वर्ज्य. श्वास न कोंडता अनुलोम-विलोम आणि भ्रामरी पुरेशी आहे.

आणि सोनू, कुणाला बरं करण्याचं वचन देऊ नकोस. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं, ते योगाचे परिणाम प्रयोगशाळेत तपासून बघण्याच्या ध्यासातून. आपण त्याच मातीतले आहोत, तेव्हा जेवढं खरं तेवढंच बोलावं. पायांत बळ येतं, तोल सुधारतो, साखरेला थोडा आळा बसतो, झोप आणि मन शांत होतं, एवढं निःशंक सांग. आसनाने गेलेली नस परत येते, असं मात्र कधीही सांगू नकोस. त्या आशेवर कुणी औषध सोडलं, तर त्याची किंमत पायाने मोजावी लागेल. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेणाऱ्यांनी बी-१२ तपासलं आहे का, तेही डॉक्टरांना विचारायला सांग. त्याच्या कमतरतेनेही अशाच मुंग्या येतात.

महिन्याभरात एकानेही धड आसन केलं नाही, पण सगळे रोज आपले पाय बघायला लागले, तर तुझा वर्ग उत्तम चालला आहे असं मी समजेन.

कळावे,
तुझी मावशी